परभाषेची परीक्षा

इतिहासाची परीक्षा असली म्हणजे सनावळ्या पाठ कराव्या लागतात. भूगोलाची असली म्हणजे नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. गणिताची असली म्हणजे रीत ठाऊक असावी लागते. या परीक्षांची तयारी कशी करावयाची हे तुम्हांला कोणी नव्याने सांगावयास नको. परंतु एखादी परभाषा आपणांस कितपत येते, एवढेच पाहणारी परीक्षा असेल तर तिची तयारी कशी करावी? तिला नेमलेले पुस्तक नसते. अमुक धड्यावर प्रश्न येईल असे कोणी सांगू शकत नाही. पोहण्यावरचे पुस्तक तोंडपाठ करून विहिरीत उतरलेल्या मुलाची जी अवस्था होईल, तीच व्याकरणाचे नियम घोकून अशा परीक्षेला बसणाऱ्याची होते.

आज पुष्कळ तरुण अशी एक परीक्षा देतात. कोणाला लंडनच्या किंवा मेलबर्नच्या विद्यापीठात शिकावयाचे असते, कोणाला परदेशातील रुग्णालयात परिचारिका व्हावयाचे असते. तेथे जाऊन यांना व्याख्याने समजतील काय, रुग्णाची तक्रार कळेल काय, टिपण लिहिता येईल काय, हे तेथील लोकांना आधी पाहावयाचे असते. त्यासाठी इंग्रजीच्या ज्या परीक्षा घेतल्या जातात, त्यांपैकी फार मोठ्या प्रमाणावर दिली जाणारी परीक्षा म्हणजे 'इंटरनॅशनल इंग्लिश लँग्वेज टेस्टिंग सिस्टिम'. एवढे लांबलचक नाव कोण घेणार? सर्वजण तिला 'आयईएलटीएस' म्हणतात. या नावाने ती १९८९ पासून घेतली जात आहे. तुमच्या घरातील किंवा गावातील कोणी ताई-दादा तिची तयारी करताना तुम्ही पाहिलेही असतील.

परभाषीयांच्या इंग्रजीची परीक्षा घेण्याची कल्पना मात्र याहून बरीच जुनी आहे. १९१३ मध्ये इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाने, परदेशात इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी, अशी एक परीक्षा प्रथम घेतली. ती एकंदर बारा तास चाले. तीत भाषांतर होते, व्याकरण होते, निबंध होता, इंग्रजी वाङ्मयावर तीन तासांची प्रश्नपत्रिका होती, आणि उच्चारशास्त्रावरही एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका होती. पहिल्या वर्षी परीक्षेला किती जण बसले असतील? अवघे तीन. आणि उत्तीर्ण किती झाले? एकही नाही!

या बारा तासांत शुतलेखन, वाचन आणि संभाषण यांना मिळून एकच तास दिलेला होता. म्हणजे भाषेविषयीचे ज्ञान पुष्कळ तपासले जाई, भाषेचा वापर त्या मानाने थोडा. पुढे ही दृष्टी हळूहळू पालटत गेली. नामाचे प्रकार सांगता येणे वेगळे आणि स्थानकावर गाडीची चौकशी करता येणे वेगळे, हे परीक्षकांच्या ध्यानात आले. आजच्या परीक्षेत व्याकरणाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग आहेत. ती सर्व मिळून पावणेतीन तासांच्या आसपास आटोपते.

प्रथम ऐकण्याचा भाग घेऊ. यात चार ध्वनिमुद्रणे ऐकवतात आणि त्यांवर चाळीस प्रश्न असतात. प्रत्येक मुद्रण एकदाच ऐकू येते. 'पुन्हा सांगता का?' असे म्हणण्याची सोय नाही. बोलणारे कधी इंग्लंडचे असतात, कधी ऑस्ट्रेलियाचे, कधी अमेरिकेचे. प्रत्येकाची बोलण्याची ढब निराळी. पुण्याचा मनुष्य, मालवणचा मनुष्य आणि नागपूरचा मनुष्य यांची मराठी आपल्या कानांना जशी वेगवेगळी लागते, तसेच हे आहे. तरीही आपण तिघांचेही बोलणे समजू शकतो. याचे कारण एवढेच की लहानपणापासून आपल्या कानांवरून असंख्य माणसांची मराठी गेलेली असते. इंग्रजीच्या बाबतीत तो योग आपोआप येत नाही, म्हणून तो मुद्दाम आणावा लागतो.

या भागातील प्रश्न दिसावयास सोपे असतात. कोणी दूरध्वनीवरून खोली राखून ठेवतो आहे आणि आपण त्याचे नाव, तारीख, पत्ता लिहून घ्यावयाचा, अशा प्रकारचे. परंतु 'थर्टीन' म्हटले की 'थर्टी', हे पटकन ओळखणे वाटते तितके सोपे नाही. एकात बोलणाऱ्याचा जोर शब्दाच्या शेवटी पडतो, दुसऱ्यात आरंभी. जोर ओळखता आला नाही तर तेरा तारखेचा पाहुणा तीस तारखेला जाऊन उभा राहावयाचा! शिवाय बोलणारा मध्येच आपले म्हणणे बदलतो. 'मंगळवारी येतो, नाही, मंगळवारी मला काम आहे, गुरुवारी येतो,' असे तो म्हणाला की घाईने 'मंगळवार' लिहून मोकळा झालेला विद्यार्थी फसतो. वाक्य संपेपर्यंत कान देऊन ऐकणाऱ्यालाच तेथे गुण मिळतात. 'बुक' आणि 'बुक्स' यांतील शेवटचा 'स' गाळला, किंवा शब्दाचे स्पेलिंग चुकले, तरी उत्तर चूक धरतात. 'दोनच शब्दांत लिहा' असे सांगितले असता तिसरा शब्द लिहिला, तर तोही गुण जातो. काहींना हे कठोर वाटते. मला ते रास्त वाटते, कारण औषधाच्या चिठ्ठीवर एक आकडा इकडचा तिकडे झाला तर काय होईल, याचा विचार करून पाहा.

वाचनाच्या भागाला एक तास असतो. विद्यापीठात जाणाऱ्यांच्या परीक्षेत तीन मोठे उतारे येतात आणि त्यांवर पुन्हा चाळीस प्रश्न. प्रत्येक ओळ सावकाश, बोट ठेवून वाचीत बसले तर वेळ पुरत नाही. एसटीच्या स्थानकावर आपण वेळापत्रक कसे वाचतो? पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कोणी ते वाचीत नाही. आपल्या गावाचे नाव डोळे शोधतात, सापडताच तेथे थांबतात, आणि मग मात्र वेळ नीट पाहून घेतात. परीक्षेतील उताराही असाच वाचावयाचा असतो: आधी एक नजर फिरवून कोठे काय आहे हे पाहावयाचे, मग प्रश्नात जे विचारले असेल तेथे थांबून प्रत्येक शब्द तोलावयाचा.

या भागात प्रश्नांचा एक प्रकार असा आहे की त्यात हुशार मुलेही हमखास अडखळतात. उताऱ्याखाली काही विधाने दिलेली असतात. प्रत्येक विधानापुढे 'बरोबर', 'चूक' किंवा 'माहिती दिलेली नाही' यांपैकी एक उत्तर लिहावयाचे असते. पहिली दोन उत्तरे आपल्या ओळखीची आहेत. तिसरे नवे आहे आणि खरी गंमत त्यातच आहे.

मराठीतच एक लहानसा उतारा घेऊन पाहू. 'आमच्या गावच्या वाचनालयात तीन हजार पुस्तके आहेत. सोमवारी ते बंद असते. संध्याकाळी तेथे वृद्ध मंडळी वर्तमानपत्रे वाचावयास जमतात.' आता ही विधाने पाहा. 'वाचनालयात तीन हजार पुस्तके आहेत.' हे बरोबर. 'वाचनालय आठवड्याचे सातही दिवस उघडे असते.' हे चूक, कारण सोमवारी ते बंद असते असे उताऱ्यात स्पष्ट म्हटले आहे. आता तिसरे विधान: 'वाचनालयात लहान मुले येत नाहीत.' याचे उत्तर काय? वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मी मुले 'बरोबर' म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की उताऱ्यात फक्त वृद्धांचाच उल्लेख आहे. उरलेली निम्मी 'चूक' म्हणतात, कारण त्यांच्या स्वतःच्या गावच्या वाचनालयात मुले जातात! खरे पाहता उतारा मुलांविषयी काहीच बोलत नाही. मुले येतात असेही नाही आणि येत नाहीत असेही नाही. म्हणून उत्तर आहे, 'माहिती दिलेली नाही.'

लेखकाने काय सांगितले, आणि आपण मनाने त्यात काय मिसळले, यांतील भेद ओळखण्याची ही कसोटी आहे. ती इंग्रजीची आहे त्याहून अधिक विचाराची आहे. तिचा सराव करावयास इंग्रजी उताराच हवा असे नाही. उद्याचे मराठी वर्तमानपत्र उघडा, एखादी बातमी वाचा, आणि शेजारच्या मित्राला अशी तीन विधाने करून विचारा. तिसरे विधान बनवणे हेच सर्वांत अवघड आहे, असा अनुभव तुम्हांला येईल.

लिहिण्याच्या भागात एका तासात दोन लेख लिहावयाचे असतात. पहिला निदान दीडशे शब्दांचा, दुसरा निदान अडीचशे शब्दांचा. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट महत्त्व असते. पहिल्यात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना एखादा आलेख, तक्ता किंवा नकाशा देतात आणि त्यात काय दिसते ते लिहावयास सांगतात. समजा, रत्नागिरी आणि सोलापूर येथील दर महिन्याच्या पावसाचा आलेख दिला आहे. रत्नागिरीचा पाऊस जूनमध्ये एकदम वाढतो आणि जुलैत सर्वांत अधिक असतो. सोलापूरचा पाऊस एकंदरीत पुष्कळ कमी आणि त्याचा जोर सप्टेंबरात असतो, असे लिहिणारा विद्यार्थी योग्य मार्गावर आहे. परंतु भूगोलाचा एखादा उत्साही विद्यार्थी सह्याद्रीने अडवलेल्या ढगांचे वर्णन करू लागतो. ते वर्णन खरे असते, पण आलेखात सह्याद्री नसतो. मघाशी वाचनालयाच्या उताऱ्यात जी गफलत होत होती, तीच येथे वेष पालटून आलेली असते.

दुसरा लेख म्हणजे निबंध. शहरात राहणे बरे की खेड्यात, अशा धर्तीचा विषय देऊन त्यावर मत मांडावयास सांगतात. मत कोणते आहे याला गुण नसतात. दिलेल्या प्रश्नालाच उत्तर दिले आहे काय, विचारांची मांडणी सुसंगत आहे काय, शब्द नेमके आहेत काय आणि वाक्ये शुद्ध आहेत काय, या चार गोष्टी परीक्षक पाहतात. गाईवरचा निबंध पाठ करून गेलेल्या मुलाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. परीक्षेत नदीवर निबंध आला, तेव्हा त्याने गाईला पाणी पाजण्यासाठी नदीवर नेले आणि उरलेला सारा निबंध गाईवरच लिहिला! हसू येते खरे; परंतु पुष्कळ मोठी माणसेही हेच करतात. तयार निबंध आणि तयार उत्तरे विकणारे लोक ठिकठिकाणी आहेत आणि त्यांचा धंदा चांगला चालतो. परीक्षकाने मात्र असे शेकडो निबंध वाचलेले असतात. पाठ केलेली वाक्ये प्रश्नाशी जुळत नाहीत, आणि त्यांच्या शेजारी विद्यार्थ्याचे स्वतःचे अडखळणारे वाक्य आले की ठिगळ लगेच दिसून येते. अशा मजकुराला गुण कमी पडतात. हजारो रुपयांचे शुल्क भरून परीक्षेला बसलेल्या माणसाचे एवढ्याने पुष्कळ नुकसान होते.

मराठी मुलांना इंग्रजी लिहिताना नडणारी एक विशेष गोष्ट येथे सांगितली पाहिजे. इंग्रजीत नामाच्या आधी 'अ' किंवा 'द' असे इवलेसे शब्द येतात. मराठीत ते नाहीत. त्यामुळे ते आपल्याकडून गळतात किंवा भलत्याच ठिकाणी पडतात. यावर एक उपाय आपल्या आजीच्या गोष्टींत दडलेला आहे. 'एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या.' राजा गोष्टीत प्रथम आला तेव्हा आजी 'एक' म्हणाली. तो ओळखीचा झाल्यावर 'त्या' म्हणाली. इंग्रजीतील 'अ किंग' आणि 'द किंग' यांत पुष्कळदा हाच भेद असतो. सर्व नियम यात येत नाहीत, तरी अर्ध्याअधिक चुका एवढ्याने टळतात. जी गोष्ट आपल्या भाषेत कळते, ती परभाषेत शोधावयास सोपी जाते.

आता बोलण्याचा भाग. पुष्कळांना याचीच धास्ती वाटते. प्रत्यक्षात तो सर्वांत आटोपशीर असतो. अकरा ते चौदा मिनिटांत संपतो. परीक्षक समोर बसून विद्यार्थ्याशी बोलतो. आरंभी तो घर, गाव, अभ्यास, आवडीनिवडी यांविषयी साधे प्रश्न विचारतो. नंतर एक कागद हाती देतो. त्यावर एखादा विषय असतो; उदाहरणार्थ, तुम्हांला आवडलेल्या एखाद्या जागेविषयी बोला. विचार करावयास एक मिनिट मिळते, टिपणासाठी कागद व पेन्सिल देतात, आणि मग एक ते दोन मिनिटे बोलावयाचे असते. शेवटी त्याच विषयाला धरून थोडी चर्चा होते.

दोन मिनिटे म्हणजे काय मोठेसे, असे तुम्हांला वाटेल. घड्याळ समोर ठेवून आपल्या शाळेविषयी मराठीत दोन मिनिटे न थांबता बोलून पाहा. पाऊण मिनिटातच सांगण्यासारखे संपले असे बहुतेकांना वाटू लागते. येथे शब्द अपुरे पडलेले नसतात, कारण भाषा तर आपलीच असते. काय सांगावयाचे, आधी काय आणि नंतर काय, याची मनात जुळणी झालेली नसते. ही जुळणी मराठीत साधली की इंग्रजीत केवळ शब्दांचाच शोध उरतो. ज्या विद्यार्थ्याला आपल्या भाषेत चार वाक्ये सलग सांगता येत नाहीत, त्याला परभाषेत ती सांगता यावीत ही अपेक्षा व्यर्थ आहे. वर्गात उभे राहून उत्तर देण्याची संधी आली असता मान खाली घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

उच्चारांविषयी एक मोठा गैरसमज आढळतो. इंग्रज माणसासारखे बोलता आले पाहिजे म्हणून काहीजण ओठ वाकडे करून, नाकातून बोलावयास शिकतात. परीक्षेला त्याची जरुरी नाही. बोलणारा मराठी आहे हे ऐकणाऱ्याला कळले म्हणून गुण कापत नाहीत; बोललेले स्पष्ट समजले पाहिजे, एवढेच पाहतात. मात्र काही ध्वनी नीट वेगळे केले पाहिजेत. इंग्रजीत 'वेट' म्हणजे ओला आणि 'व्हेट' म्हणजे गुरांचा डॉक्टर. पहिल्या शब्दात दोन्ही ओठांचा चंबू होतो. दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आरशासमोर उभे राहून हे दोन शब्द दहादहा वेळा म्हणा, फरक डोळ्यांनाच दिसेल. काही बाबतींत तर आपली मराठी उपयोगी पडते. 'जीव' आणि 'जावई' यांतील दोन्ही ज आपण एकाच अक्षराने लिहितो, पण उच्चारतो निरनिराळे. इंग्रजीतील 'झेड' या अक्षराचा ध्वनी 'जावई'तील ज-च्या पुष्कळ जवळचा आहे. ज्याच्या भाषेत असा ज नाही, त्याला हा ध्वनी मुद्दाम कमवावा लागतो.

या परीक्षेत उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण असा प्रकार नाही, हे ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. शून्यापासून नवापर्यंत श्रेणी असतात. त्यांना 'बँड' म्हणतात. मधल्या अर्ध्या श्रेणीही देतात, जसे साडेपाच, साडेसहा. चारही भागांची स्वतंत्र श्रेणी लावून त्यांची सरासरी काढतात. समजा, एखाद्याला ऐकण्यात ७, वाचनात ६.५, लिहिण्यात ५.५ आणि बोलण्यात ६ मिळाले. बेरीज २५ झाली. चाराने भागता ६.२५ येतात, आणि नियमाप्रमाणे ते ६.५ धरतात. ही सरासरी पुरेशी आहे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. एका विद्यापीठाला ६ चालतात, दुसऱ्याला ७ हवे असतात. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नाव नोंदवावयाचे असेल, तर ऐकणे, वाचणे व बोलणे यांत प्रत्येकी ७ आणि लिहिण्यात ६.५ लागतात. म्हणजे तेथे नुसती सरासरी चांगली असून भागत नाही. तीन भागांत उत्तम गुण मिळवूनही लिहिण्यात अर्ध्या श्रेणीने मागे राहिलेल्यांना पुन्हा तयारीला बसावे लागते. लिहिणे हेच पुष्कळांचे लंगडे अंग असते, कारण बोलण्याऐकण्याची संधी इकडेतिकडे मिळते, पण रोज पानभर लिहिणारा विरळा.

तयारीसाठी किती काळ लागतो, असे मला अनेकदा विचारतात. परीक्षेची पद्धत समजून घ्यावयास काही आठवडे पुरतात. जुन्या नमुन्याच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविल्या की वेळेचा अंदाज येतो, आणि ते केलेच पाहिजे. परंतु ज्यावर गुण मिळतात ती भाषा काही आठवड्यांत येत नाही. तुमच्या वयापासून रोज वीस मिनिटे दिली तर ती सहज येते. एखादे इंग्रजी पान मोठ्याने वाचावे. इंग्रजी बातम्या ऐकाव्यात आणि ऐकून झाल्यावर त्यांतील एक बातमी आपल्या शब्दांत तीन वाक्यांत लिहावी. अडलेला शब्द लगेच कोशात पाहू नये. आधी मागच्यापुढच्या वाक्यांवरून अर्थ ताडावा, मग कोश उघडून आपला तर्क खरा ठरला की खोटा ते पाहावे. असा ताडून पाहिलेला शब्द सहसा विसरत नाही.

आजकाल ही परीक्षा संगणकावर देता येते, तेव्हा टंकलेखनाचाही थोडा सराव असलेला बरा. परीक्षेच्या दिवशी ओळख पटविण्यासाठी पारपत्र न्यावे लागते. निकालपत्रावर चारही भागांच्या श्रेणी वेगवेगळ्या छापलेल्या असतात. ते निकालपत्र सामान्यतः दोन वर्षेच ग्राह्य धरतात, कारण तेवढ्या काळात वापर राहिला नाही तर माणसाची परभाषा मागे पडू शकते. त्यानंतर कोठे प्रवेश घ्यावयाचा असेल, तर पुन्हा नव्याने परीक्षेला बसावे लागते.